भाड्याचा राजवाडा

दिवाळी झाली, कापसाचा पहिला वेचा घरात आला, आणि पोरानं आम्हा दोघांना हैदराबादला नेलं. तो तिकडे एका कंपनीत आहे. अकोल्यावरून काचीगुड्याची गाडी, बायकोच्या पिशवीत पोळ्या, ठेचा आणि तुरीच्या शेंगांचा डबा. गाडीतच पोरगा म्हणाला, "बाबा, या खेपेला तुम्हाले राजवाड्यात चहा पाजतो."

मला वाटलं, एखादं जुनं म्युझियम असेल, बाहेर टपरी असेल. तर तो निघाला फलकनुमा. निजामाचा महाल, २०१० पासून ताज वाल्यांचं हॉटेल. टेकडीवर बत्तीस एकरात पसरलेला. आमच्या भावकीची सगळी वावरं एका धुऱ्यात आणली तरी बत्तीस एकर भरायची नाहीत. मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्यांना तिथं बग्गीतून वर आणतात आणि अंगावर गुलाबाच्या पाकळ्या उधळतात. आम्ही चहापुरते पाहुणे, पायीच चढलो. चहाचे किती पडले ते पोरानं सांगितलं नाही. मीच त्याच्या मोबाइलात डोकावून पाहिलं. तिघांचे मिळून जवळपास क्विंटलभर कापूस होता तो.

संगमरवरी जिना आला तशी बायकोनं चप्पल काढून हातात घेतली. "आई, घाल ना चप्पल," पोरगा दबक्या आवाजात म्हणाला. "एवढी पांढरीफक फरशी, भरन ना बाप्पा," ती म्हणाली. तिथल्या एका पोऱ्यानं हे पाहिलं. तो हसला नाही, काही बोलला नाही, फक्त हात जोडून बाजूला झाला. त्याचे संस्कार मला आवडले.

आत एक जेवणाचं टेबल आहे, एकशे एक माणसं एका वेळी बसतील एवढं लांब. सगळे त्याचे फोटो काढत होते. बायको या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहत राहिली आणि मला म्हणाली, "एवढ्या लोकायचे भांडे कोन घासत असन व?"

सगळ्या महालात मला पटलेला प्रश्न तेवढाच.

मी हे त्या हॉटेलाला नावं ठेवायला लिहीत नाही. ज्याच्या खिशात आहे त्यानं खुशाल तिथं राहावं. पडायला आलेला महाल दहा वर्षं खपून त्यांनी उभा केला, शे-दोनशे पोरांच्या हाताला काम दिलं, चहाही बरा होता. माझं भांडण दुसरीकडे आहे, आणि ते सुरू झालं चहाच्या टेबलावरच. पोरगा झुंबराकडे पाहत म्हणाला, "बाबा, माझ्या लग्नाचं रिसेप्शन असं पायजे. अथी नाई म्हणत मी. पन आपल्या तिकडं आता असेच पॅलेस झाले ना."

चहा तिथंच कडू झाला.

मी त्याला विचारलं, "हा निजाम कोन होता, तुले माहीत आहे काय?"

"हैदराबादचा राजा."

"आन आपला?"

"आपला काय संबंध, बाबा?"

पोरगा इंजिनियर आहे. त्याचा दोष नाही, आम्हीच सांगितलं नाही. मी सांगायला लागलो. तुम्हीही ऐका, कारण अकोला-अमरावतीत दहा जणांना विचारलं तर आठ जण पोरासारखंच उत्तर देतील.

वऱ्हाड निजामाचं होतं. इंग्रजांच्या फौजेचा खर्च निजामावर थकला होता, म्हणून १८५३ साली त्यानं वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिलं. आपण अडचणीत वावर गहाण टाकतो तसं. गहाण टाकलेलं वावर सुटत नाही, तसं वऱ्हाडही सुटलं नाही. १९०२ साली लॉर्ड कर्झननं कायमचा पट्टा करून घेतला. वर्षाला पंचवीस लाख रुपये निजामाला, आणि अख्खं वऱ्हाड इंग्रजाला. आमच्याकडे वावर ठोक्यानं देतात, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की यात वावरासोबत वावरातली माणसंही ठोक्यानं गेली. त्यांना कोणी विचारलं नाही.

त्या काळी म्हणायचे, ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’. ते सोनं म्हणजे पऱ्हाटी. खामगावला १८७० साली खास कापसासाठी रेल्वेचा फाटा काढला, कारंज्याला १८८६ मध्ये कायद्यानं बांधलेला कापसाचा बाजार सुरू झाला. मँचेस्टरला लागणारा कापूस आमच्या काळ्या मातीतून जात होता. आणि त्याच मातीत १८९९-१९०० साली असा दुष्काळ पडला, की माणसं खडी फोडायच्या कामावर पोट बांधून गेली आणि कित्येक तिथून परत आली नाहीत. त्याच्या दोन-तीन वर्षं आधी, १८९७ च्या सुमाराला, हा फलकनुमा निजामानं आपल्या ताब्यात घेतला होता. नावाचा अर्थ आकाशाचा आरसा. त्या आरशात आकाश दिसत असेल. वऱ्हाड त्यात दिसलं नाही.

पुढं १९३६ च्या करारानं निजामाच्या थोरल्या पोराला किताब मिळाला, ‘प्रिन्स ऑफ बेरार’. वऱ्हाडचा युवराज! त्याची बायको तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाची लेक. कारभार चालत होता नागपूरहून, हुकूम इंग्रजाचा, भाडं हैदराबादला, आणि युवराजपद नुसतं नावाला. आमच्या आज्यानं त्या साऱ्या वर्षांत डवरे हाकले, सावकाराचं व्याज भरलं. आपल्याला एक युवराज आहे हे त्याला मरेपर्यंत कळलं नाही.

पण खोटं बोलणार नाही. फलकनुमा वऱ्हाडच्या पैशानं बांधला असं म्हणून टाळ्या घेता येतील, पण ते खरं नाही. तो बांधला नवाब विकार-उल-उमरा यांनी, जे पुढं निजामाचे दिवाण झाले. १८८४ साली काम काढलं आणि नऊ-दहा वर्षं चाललं. इटलीहून संगमरवर आला, सामान विलायतेहून आलं. आणि बांधता बांधता नवाबच कर्जात बुडाले. शेवटी महाल निजामाकडे गेला.

ही गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटली. एवढा मोठा नवाब, दिवाणपदाचा माणूस, त्यालाही राजवाड्याची हौस कर्जाशिवाय भागवता आली नाही. तो नवाब होता म्हणून निभावला. त्याचं ओझं उचलायला वर राजा होता. आमच्या माणसाच्या वर कोण असतो? बँकेचा साहेब. आणि त्याच्याही आधी गावातला व्याजावाला.

आता माझ्या भांडणाकडे येतो.

अकोला-अमरावती रस्त्यानं या. २०२२ साली पंच्याहत्तर किलोमीटर डांबर पाच दिवसांत टाकून जगात विक्रम केला, तोच हा रस्ता. त्याच्या दोन्ही बाजूंनी पाहत चला. अमुक पॅलेस, तमुक रॉयल, महल, दरबार, लॉन. पुढून पाहाल तर राजवाडा : प्लास्टरचे खांब, सोनेरी रंग, फाटकावर दोन सिंह, आत कारंजं. कारंजं कुठं? तर खारपाणपट्ट्यात, जिथं बोअरच्या पाण्याला ढोर तोंड लावत नाही आणि माणूस गोड्या पाण्याच्या टँकरची वाट पाहतो. आणि मागून जाऊन पाहाल तर टिनाचं शेड. आमची सगळी जिंदगी आता अशीच झाली आहे. पुढून पॅलेस, मागून टिन.

फलकनुमात निदान खांब तरी दगडाचे आहेत.

या पॅलेसांमध्ये एका दिवसाचं राजेपण भाड्यानं मिळतं. फेटा भाड्याचा, शेरवानी भाड्याची, सिंहासनासारख्या दोन खुर्च्या भाड्याच्या, बग्गी भाड्याची. घोडं तेवढं खरं असतं, आणि त्या डीजेच्या दणक्यात त्या बिचाऱ्याचीच मला जास्त दया येते. वर ड्रोन फिरतं. एका ताटाचा भाव ठरलेला असतो. दोन-तीन घास खाऊन लोक ताट ठेवतात, कारण त्याच दिवशी अजून तीन लग्नं करायची असतात.

तुम्ही म्हणाल, तुम्हाला काय करायचं? लोकांची हौस आहे. तर सांगतो मला काय करायचं ते. सात वर्षांपूर्वी माझ्या पोरीचं लग्न मी अशाच एका पॅलेसात केलं.

पोरीनं मागितलं नव्हतं. व्याह्यांनीही तोंडानं मागितलं नाही. बैठकीत ते एवढंच म्हणाले, "तुमच्या इच्छेनं करा भाऊ, फक्त आमचे पाहुणे जरा बरे आहेत." या ‘फक्त’पायी माझे दोन एकर गेले. नाल्याकाठचा तुकडा, बुढ्यानं चाळीस वर्षं सालदारकी करून घेतलेला, घरच्या जमिनीतला सगळ्यात वजनदार. साडेअकरा लाख आले. मांडव उठला, केटरिंगवाल्याचा, डेकोरेशनवाल्याचा, बँडवाल्याचा हिशोब झाला, आंदण-मानपान झाला, तेव्हा हातात अठ्ठावीस हजार उरले होते. लोक म्हणाले, "लग्न केलं बॉ भाऊनं!" हे वाक्य मी साडेअकरा लाखांत घेतलं. दोन महिने पुरलं. मग दुसऱ्या कोणाचं तरी लग्न त्याहून भारी झालं.

पुढच्या राखीला पोरगी माहेरी आली. संध्याकाळी वावराकडे चक्कर मारून आली आणि म्हणाली, "बाबा, नाल्याकडचं वावर अवंदा दुसऱ्यानं काऊन पेरलं? ठोक्यानं देलं काय?"

मी म्हटलं, "हो, ठोक्यानं देलं."

तिला आजपर्यंत माहीत नाही.

इथं शहरातले शहाणे लगेच मान डोलावतील. ‘बघा, आम्ही म्हणतच होतो. शेतकरी लग्नात उधळतो आणि मग कर्ज झालं म्हणून रडतो.’ त्यांना मी हात जोडून सांगतो, माझ्या गोष्टीचं हे भांडवल करू नका. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. ते लग्नांपायी नव्हतं. भाव नसलेल्या कापसापायी होतं, पाणी नसलेल्या वावरापायी होतं, बँकेच्या दारातून परत पाठवलेल्या माणसांपायी होतं. कापसाला भाव मिळाला असता तर माझ्यासारख्याच्या घरी एक लग्न खर्चाचं झाल्यानं वावर गेलं नसतं. शहरात कोणी लग्नात चाळीस लाख उडवतो, त्याला कोणी उधळ्या म्हणत नाही. त्याला थाट म्हणतात. शेतकऱ्यानं केलं की ती चूक. हा न्याय मला मान्य नाही.

पण शहाण्यांना उत्तर देऊन झालं म्हणजे माझी सुटका झाली असं नाही. भाव माझ्या हातात नव्हता, पाऊस माझ्या हातात नव्हता. पॅलेस माझ्या हातात होता.

आणि ही रीत कास्तकारानं काढलेली नाही हेही सांगून ठेवतो. आधी पुढाऱ्यानं काढली. मग ठेकेदारानं, व्यापाऱ्यानं, मग पगारदार नोकरीवाल्यानं. त्यांचा एका महिन्याचा पगार किंवा एका टेंडरचा नफा आमच्या वर्षाच्या पिकाएवढा. त्यांनी उंबरठा उंच केला आणि आम्ही अडखळून पडलो. आमदाराच्या पोराच्या लग्नाला गावाचं गाव जेवून येतं आणि येताना त्या लग्नाचं माप घरी घेऊन येतं. पोरीचा बाप मग त्याच मापानं मोजला जातो. सामूहिक लग्नात पोरगी उजवली तर म्हणतात, गरिबी होती वाटते. जो शेतकऱ्यांच्या कर्जावर सभागृहात तासभर बोलतो, त्यानं आपल्या पोराचं लग्न गावच्या शाळेच्या पटांगणात करून दाखवावं. त्याचं एक लग्न हजार भाषणांचं काम करेल. मी वाट पाहतो आहे.

"पन बाबा, त्या लोकायलेबी काम भेटते ना," पोरगा त्या चहाच्या टेबलावर म्हणाला होता. बँडवाले, फुलवाले, वाढपी. बरोबर आहे. पण ते माझ्या गावच्या मांडवातही जेवण करतील, बँडही वाजवतील, फुलंही लागतील. त्यांचं काम मांडवावर चालतं. प्लास्टरच्या सिंहांचं भाडं कोणाच्या घरी जातं ते पाहा म्हणजे कळेल.

फलकनुमात बसल्या बसल्या मला दुसरं एक घर आठवत होतं. १९९८ साली बुढ्याच्या घशाला गाठ आली. इकडच्या डॉक्टरानं सांगितलं, मुंबईला न्या, टाटाला. मुंबईत आमचं कोणी नाही. कोणीतरी म्हणालं, दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, तिथं जा. कॅन्सरच्या रोग्यांना आणि त्यांच्या माणसांना तिथं ठेवून घेतात. आम्ही दोघं तिथं महिनाभर राहिलो. अंथरायला जागा मिळाली, जेवण मिळालं. बिहारचा एक, बंगालची एक बाई आणि तिचं लेकरू, कोकणातला एक म्हातारा, असे आम्ही शेजारी. कोणी जात विचारली नाही, कोणी पायातली चप्पल पाहिली नाही. बुढा रात्री म्हणाला, "आपल्याकडच्या मानसानं बांधलं बावा हे." त्याला बोलताना त्रास व्हायचा. तरी हे तो बोलला.

आपल्याकडचा माणूस. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा, परिटाच्या घरचा. लहानपण मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला मामाच्या घरी गेलं, आणि मामाचं वावर सावकारानं गिळलेलं त्यानं डोळ्यांनी पाहिलं. लेकीच्या बारशाला मटण आणि दारूची पंगत द्यायची रीत होती, ती त्यानं मोडली आणि लोकांना गोड जेवण वाढलं. भावकी रुसली तर रुसू दिली. पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा बांधली, नाशिकला, आळंदीला, मुंबईला बांधल्या. लाखांच्या इमारती उभ्या केल्या आणि स्वतः हातात गाडगं आणि अंगावर चिंध्या घेऊन फिरला. कर्ज काढून सण-लग्न करू नका, हे घसा कोरडा होईपर्यंत कीर्तनात सांगितलं. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच गेला.

किताब हैदराबादच्या युवराजाला मिळाला. पण वऱ्हाडच्या नावानं परमुलखात ज्याच्या छपराखाली माणसं निजतात, तो हा. फलकनुमात पाहुणा पैसे मोजतो आणि राजा होतो. बाबांच्या घरी आजारी माणूस येतो आणि पाहुणा होतो. मला दुसरं जमण्यासारखं नाही, पण कोणापुढं मान वाकवायची हे तरी कळतं.

आणि आम्ही काय केलं? विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं. जयंतीला झाडू हातात घेऊन फोटो काढले. आणि संध्याकाळी त्याच हातानं पॅलेसची बुकिंग केली.

हैदराबादहून आल्यावर मी पोराच्या होणाऱ्या सासऱ्याकडे गेलो. ते अंजनगावकडचे, संत्र्याचा थोडा बगीचा आणि कोरडवाहू चार एकर. त्यांनी हॉलवाल्याचं चकचकीत पुस्तकच माझ्यापुढं ठेवलं. मी म्हटलं, "भाऊ, लग्न आमच्या गावी करू. शाळेच्या पटांगणात."

त्यांचा चेहराच पडला. "काऊन? तुम्हाले आमची ऐपत नाई वाटत काय?"

खोटं बोलता आलं असतं. मी त्यांना नाल्याकाठच्या दोन एकरांची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "ओलिताचं होतं काय?"

"ओलिताचं नव्हतं. पन भारी होतं."

त्यांनी ते पुस्तक बंद केलं. आतून त्यांच्या बायकोनं चहा आणला. त्या चहाला चव होती.

पोरगा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. अजूनही पुरता राजी नाही. बग्गी पाहिजेच म्हणतो. मी म्हटलं, आपल्या भावकीत दमणी आहे, बैल शंकरपटाचे आहेत, बग्गीच्या पुढं पळतील. जेवण रोडगे, वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी. खर्च दोन्ही घरं निम्मा-निम्मा करणार. भांडी कोण घासणार तेही बायकोनं ठरवून टाकलं आहे. बाया सांगितल्या आहेत, मजुरी ठरली आहे आणि त्या पहिल्या पंगतीला जेवणार आहेत.

वाचणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. हॉलची तारीख घेण्याआधी तलाठ्याकडून सातबारा काढून आणा. चार माणसांत तो मोठ्यानं वाचा, पोरगा-पोरगी दोघांसमोर. मग ठरवा कोणता गट नंबर कोणत्या सिंहाला खाऊ घालायचा ते.

आणि हे पुस्तक छापून आलं की माझी पोरगी वाचेल. तिला माहेरच्या माणसाचं लिहिलेलं सगळं वाचायची सवय आहे. माय, ते वावर ठोक्यानं नव्हतं दिलं. विकलं होतं. तू मागितलं नव्हतंस, हे मला पक्कं माहीत आहे. मीच मागितलं होतं.